श्रावणातले अमान्य व्यवहार आणि बेलभंडारा पद्धत

माणूस खर्च करतो तेव्हा एकटा असतो; खर्चाचा मेसेज येतो तेव्हा घर भरलेलं असतं. आधुनिक बँकिंगपुढचे बहुतेक प्रश्न यातूनच निघतात, असं वसमतच्या एका सहकारी बँकेतले अधिकारी विजयकुमार यांचं मत होतं. (बँकेचं नाव देत नाही. सगळे संचालक एकमेकांचे सोयरे आहेत आणि एक रुसला की अख्खी पंगत उठते.)

विजयकुमार हे 'डेबिट कार्ड वाद निवारण कक्षा'चे प्रमुख होते. कक्ष म्हणजे पाण्याच्या माठाशेजारचं टेबल. खात्यातून गेलेला एखादा खर्च ग्राहकाला आपला वाटत नसेल, तर त्याने इथे येऊन 'हा व्यवहार मी केलेला नाही' असा अर्ज द्यायचा आणि बँकेने चौकशी करून पैसे परत करायचे, अशी ही उदात्त सोय. लोकांनी तिला भरभरून प्रतिसाद दिला, विशेषतः श्रावणात. एरवी वसमतच्या कार्डांकडे चोर ढुंकूनही पाहत नाहीत. श्रावण लागला की मात्र त्यांना हुरूप येतो, आणि कुणाचंही कार्ड लांबवलं तरी ते थेट औंढा रस्त्यावरच्या ढाब्यावर जाऊन मटण हंडीच मागवतात. कक्षाच्या आकडेवारीनुसार दहातले नऊ चोर वरून रस्साही घेतात. (दहाव्याला पित्ताचा त्रास असावा.) जेवण झालं की हे सज्जन चोर कार्ड मूळ मालकाच्या खिशात परत ठेवून जातात.

मेसेज मात्र घरी जातो. खातं उघडताना नंबर घरच्या फोनचा दिलेला असतो, आणि घरचा फोन देवघराशेजारी चार्जिंगला असतो.

शाखाधिकारी शिवशंकर यांना या चोरांविषयी शंका येऊ लागली. "गणपतीच्या आत एक तरी लबाड ग्राहक पुराव्यानिशी धरून द्या," ते विजयकुमारांना म्हणाले, "न्हाईतर तुमची बदली जिल्ह्याबाहेर." विजयकुमारांच्या नव्या घराचा स्लॅब नुकताच टाकून झाला होता. त्यावर रोज पाणी मारायचं होतं. बदलीचा विचार आला की त्यांना रात्री झोप लागेना.

अशा प्रकरणांत काय करावं, याचं परिपत्रक वरून आलं होतं. त्यात ग्राहकाच्या वर्तनाचं संगणकीय विश्लेषण सुचवलं होतं. संगणक दुरुस्तीला गेल्यामुळे विजयकुमारांनी देशी उपाय काढला: बेलभंडारा. तक्रारदाराने बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातात घेऊन शपथेवर बोलायचं. वसमतला हळदीचा तोटा नाही, आणि बेल शिपाई जळबा येता येता आणत असे. (मुसलमान ग्राहकांना ही पद्धत लागू नव्हती. ते श्रावणात मटण उघडपणे खातात, त्यामुळे त्यांची कार्डं चोरीला जात नाहीत.) पद्धतीचा गुण लगेच आला. हळदीची वाटी पाहूनच काही ग्राहकांना खर्च आपलाच असल्याचं आठवलं.

मग अमृतराव आले. गळ्यात तुळशीची माळ, भजनात पखवाज वाजवणारे, गल्लीत मान असलेले. एक पाऊल पुढे त्यांच्या पत्नी द्वारकाबाई होत्या. याच श्रावणातली ही त्यांची तिसरी तक्रार. विजयकुमार आतल्या आत हरखले, कारण ढाब्याच्या कॅमेऱ्यातला व्हिडिओ त्यांनी आधीच मिळवून ठेवला होता. त्यात टोपी घातलेले अमृतराव स्वतः होते. माळ काढून खिशात ठेवत होते आणि नळी ताटावर आपटून फोडत होते. आता त्यांनी खोटी शपथ घेतली की बदली टळली.

अमृतरावांनी बेल उचलला, हळद उचलली, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नागनाथाशपथ, कार्ड म्या मशिनीला लावलं न्हाई."

खरं होतं. कार्ड वेटरने लावलं होतं.

"बराबर," जळबा म्हणाला.

विजयकुमारांनी नाइलाजाने व्हिडिओ लावला. द्वारकाबाईंनी तो दोनदा लक्ष देऊन पाहिला.

"हे आमचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "आमच्यांना दात कुठं हायेत मटन खायला? दाखवा हो तोंड."

अमृतरावांनी तोंड उघडलं. कक्षाने पाहणी केली. दात खरोखरच नव्हते.

मग द्वारकाबाईंनी नवऱ्याला पान आणायला पिटाळलं आणि खुर्ची पुढे ओढली. "साहेब, हे आमचेच हायेत. ती टोपी म्याच धुतली हाय. पर घरात बोललं तर रुसून बसत्यात, अन् बँकेत धाडलं तर पैशे परत येऊन राहिले. मंग काहून बोलावं?"

त्यांनी पुढे सगळी व्यवस्था मोकळेपणाने समजावून सांगितली. शुक्रवारी महिला बचत गटाची बैठक भरते. सगळ्या आपापल्या घरचे मेसेज वाचतात. कोणाच्या नवऱ्याला बँकेत धाडायचं ते बहुमताने ठरतं. परत आलेले पैसे गटात जमा होतात. गेल्या श्रावणाच्या जोरावर गटाने पापडाची मशीन घेतली. यंदा शेवयांची घ्यायचा विचार होता.

संघटित गैरवापर, तोही कबुलीसह! विजयकुमारांनी पेन काढलं.

"लिवा, लिवा," द्वारकाबाई म्हणाल्या. "पर तुमची बायको प्रतिक्षा आमच्या गटाची सचिव हाय. गेल्या सोमवारचा तुमचा बी मेसेज वाचला तिनं. येत्या शुक्रवारी तुमचा अर्ज भरून घेनार हावोत आमी."

विजयकुमारांनी पेनाचं टोपण लावलं. आता टेबलाच्या दोन्ही बाजूंना आपणच बसणार, हे त्यांना दिसलं. शिवाय त्यांना वेटरचा भरवसा नसल्यामुळे ढाब्यावर कार्ड त्यांनी स्वतःच्या हाताने लावलं होतं. त्यांनी हळदीची वाटी उचलून माठामागे ठेवली.

दुसऱ्या दिवशी अहवाल गेला. 'सर्व शपथा तपासल्या, सर्व खऱ्या निघाल्या. गैरवापर आढळला नाही. परत दिलेल्या रकमांचा बोजा एकट्या बँकेवर पडू नये म्हणून सर्व कार्डधारकांकडून दर तिमाहीला किरकोळ 'कार्ड विश्वास शुल्क' घ्यावं.' शिवशंकरांनी अहवाल वाचला. त्यांच्या घरीही नुकतेच गटाचे पापड आले होते. त्यांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली आणि बदलीचा कागद फाडला. स्लॅबला पाणी मिळालं. बाकीच्या बँकांनाही हे शुल्क फार आवडलं.

हे शुल्क कोणाला अन्यायकारक वाटत असेल, तर तक्रारीची सोय अर्थातच आहे. अर्जासोबत गेल्या श्रावणापासूनचा खातेउतारा जोडायचा. त्यातली प्रत्येक ओळ नवऱ्याने किंवा बायकोने वाचून खाली सही केलेली पाहिजे. ही अट विजयकुमारांनीच सुचवली, आणि त्यानंतर कक्षात एकही अर्ज आलेला नाही.

तुमच्याही खात्यातून असं काहीतरी गेलंच असेल. बघा, उतारा काढा, घरात हाक मारा आणि शेजारी बसवून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा. वाचणार नसाल, तर शुल्क तुम्हाला मान्य आहे असं बँक धरून चालते.