रक्त वाचणारे दिघेकाका

आमच्या बिल्डिंगमधल्या दिघेकाकांना कुणाचं नाव लक्षात राहत नाही, हिमोग्लोबिन राहतं. मी जिन्यात भेटले की, “काय साडेदहा, पालक खाते की नाही?” भाजीवाला भिया ‘चौदा’, सोसायटीचे सेक्रेटरी ‘सव्वाबारा’. उभं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासून काका रिटायर झाले, सवय काही रिटायर झाली नाही. कुणाचाही रिपोर्ट आला की आधी त्यांच्याकडे जातो. चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला टेकवून ते म्हणणार, “एकदम चुप. आकडे वाचू दे.”

गेल्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांचा, दादांचा, रिपोर्ट आला. दादांनी सगळी नोकरी पोलोग्राउंड भागातल्या एका लोखंड ओतायच्या ढलाई कारखान्यात, धुळीत काढलेली. हिमोग्लोबिन एकोणीस! दादा इतके खूश की त्यांनी पोहे-जलेबी मागवली. “या वयात एकोणीस! है कोई बिल्डिंगमध्ये?” एवढं बोलूनही त्यांना धाप लागली. ती वयामुळे, असं आम्ही केव्हाच ठरवून टाकलं होतं.

काका आले. कागद वाचला आणि उचललेली जलेबी बशीत परत ठेवली. दादांचा हात खिडकीच्या उजेडात धरून नखं पाहिली. निळसर होती.

“दादाजी, झोपताना उशा किती घेता?”

“तीन. का?”

काका तडक वर गेले आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र घेऊन आले. चौऱ्याऐंशी. काढलं, शर्टाला पुसलं, दुसऱ्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशीच.

“साडेदहा, गाडी काढ. अभी के अभी.”

“पण काका, रक्त तर भरपूर आहे ना?”

“म्हणूनच! फेफड्यांतून ऑक्सिजन पुरत नाहीये, म्हणून शरीर घाबरून लाल पेशी वाढवतंय. रक्त घट्ट होत चाललंय. चल.”

दवाखान्यात दादांना नळीत फुंकायला लावलं. टेक्निशियन बाई ओरडत होत्या, “और, और, छोड़ना नहीं!” दादांचे डोळे बाहेर आले, ओठ काळवंडले. पडद्यावरची रेघ जराशी चढायची आणि आडवी व्हायची. असं तीनदा. भिंतीला टेकून उभ्या काकांचेही गाल प्रत्येक वेळी फुगत होते. मला हसू यायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं निम्मीसुद्धा चालत नाहीत, अजून थांबला असतात तर हृदयावर आलं असतं. दादांना लगेच दाखल केलं.

आठवड्याने ते घरी आले, सोबत ऑक्सिजनचं मशीन आणि औषध ओढायचा पंप. आता गॅलरीपर्यंत चालतात, खालच्या लोकांशी भांडतातसुद्धा.

आभार मानायला मी वर गेले. काकांनी हात झटकला आणि भिंतीवरच्या, हार घातलेल्या काकूंच्या फोटोकडे बोट केलं.

“थँक्यू नको. एकदा चुकलोय मी. हिचं सतरा आलं होतं. बाईमाणसाचं सतरा! रिपोर्ट मीच काढला, लॅबभर मिरवला. देपालपूरची ती, लहानपणापासून चुलीच्या धुरात. पण फेफड्यांचं डोक्यातच आलं नाही.”

त्यांनी फोटोची काच शर्टाच्या बाहीने पुसली.

“राजवाड्याच्या बाजारात खरेदीला जायचो, तर दर दुकानापाशी उभी राहायची. मला वाटायचं, बांगड्या बघतेय. म्हणायची, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.”

मी खुर्ची ओढून शेजारी बसले.

“आणि मी पुढे व्हायचो,” काका म्हणाले.