तर्कशास्त्राचा सातवा विद्यार्थी

तर्कशास्त्राचा वर्ग रद्द झाला. पण शिवकांत सरांना हे अजून कळलेलं नाही. तेव्हा आपणही हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू.

पालमच्या त्या कॉलेजात नियम असा, की वर्गात सात डोकी नसतील तर वर्ग बंद. वर्ग बंद, तर तासिकेवर शिकवणारे शिवकांत सर घरी. त्यांच्याकडं डोकी होती सहा. प्राचार्य दत्तराव अकराला मोजायला येणार होते आणि दहा पन्नास झाले होते. सरांनी डोकी पुन्हा एकदा मोजली. सहाच.

"सर, सहाला सात म्हणायला काई तर्क हाय का?" पहिल्या बाकावरून निकितानं विचारलं.

"आहे. पण तो परीक्षेला नाही."

इतक्यात दारात आश्रुबा उभे राहिले. पोरीचं बोनाफाईड न्यायला आले होते, त्यांना ऑफिस सापडत नव्हतं.

"बसा, मामा," सर म्हणाले.

आपल्याकडं 'बसा' म्हटल्यावर कुणी कारण विचारत नाही. आश्रुबा बसले आणि चहाची वाट बघू लागले.

दत्तराव आले. पेनाच्या टोकानं डोकी मोजत सातव्यावर थांबले. सातव्या डोक्याला रुमाल बांधलेला होता. पंखासुद्धा दबकत फिरत होता.

"हे कोण?"

"विद्यार्थी, सर. वयाची अट नाही आपल्याकडं."

दत्तराव आश्रुबांकडं वळले. "तर्कशास्त्र कशाला शिकायलाव तुमी?"

सरांनी डोळे मिटले.

आश्रुबांनी विचार केला. "शेजारी बांध कोरायलाय, साहेब. त्याच्यासंगं बोलायचं ऱ्हाते."

दत्तरावांनाही शेत होतं आणि शेताला शेजारी होता. त्यांनी क्लार्क महारुद्रला हाक मारली. "या वर्गात जो येईल त्याचं आधार घ्या, सही घ्या, नाव लावा. मला विचारत बसू नका."

वर्ग वाचला. सर आश्रुबांना चहा पाजून स्वतः एसटीत बसवून आले.

घोळ एसटीत झाला. "आधारची झेरॉक्स घेतली, सही घेतली, वर चहा पाजला," आश्रुबा शेजारच्याला म्हणाले. "कशाचं हाय ते काई सांगितलं न्हाई."

कशाचं ते सांगत नाहीत, म्हणजे पीक विम्याचंच असणार. एवढा तर्क पालम तालुक्यात कॉलेजात न जाताही येतो.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोरची रांग फाटकाबाहेर पानटपरीला वळसा घालून गेली होती. महारुद्र नावं लावत होता.

"आरे, काय करायलास?" शिवकांत सरांनी त्याला विचारलं.

"साहेबाचा हुकूम हाय, सर. मी निसता लिहायलोय."

लक्ष्मीबाई नावाच्या आजी सातबाऱ्यासकट निकिताला सरकवून बसल्या होत्या.

"मावशी, हा विम्याचा नाही, तर्कशास्त्राचा वर्ग आहे."

"मागल्या बारीला बी आसंच काईतरी सांगून उठवलं होतं. आवंदा मी उठत न्हाई."

दुपारी दत्तरावांनी रजिस्टर पाहिलं. एकशे एकोणतीस.

"याच्या दोन तुकड्या कराव्या लागतात. दुसऱ्या तुकडीला प्राध्यापक लागतो. ते पद मंजूर नाही. वर्ग रद्द."

"सर, खरे विद्यार्थी सहाच आहेत."

"काल तर सात म्हणले होते तुमी."

शिवकांत सरांनी तिथंच कागद मागून घेतला.

"मा. प्राचार्य यांस, सविनय अर्ज करतो की, विद्यार्थी प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे तर्कशास्त्राचा वर्ग बंद पडत आहे. तरी सोबतच्या यादीतील एकशे तेवीस विद्यार्थ्यांचा पीक विमा तात्काळ मंजूर करून त्यांना घरी पाठवावे, आणि सदर वर्ग कमी पटसंख्येमुळे पूर्ववत धोक्यात आणावा, ही नम्र विनंती."