नानांचं वजनदार आरमार

जावयाशी बोलायचंच, असं नानांनी मनावर घेतलं आणि तिथून सगळं सुरू झालं. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं होतं. दर रविवारी दोघं यायची, आणि दर रविवारी सासरे-जावई हवेवर दोन वाक्यं बोलून पंख्याकडे बघत बसायचे. (दर आठवड्याला नवी हवा तरी आणायची कुठून?)

“त्याला अंतराळातली लढाई खेळायला आवडते,” लेकीने एकदा सांगितलं. “बोटाएवढी यानं टेबलावर मांडायची. ज्याने त्याने आपलं आरमार आणायचं.”

दुसऱ्या दिवशी नाना दुकानात.

“नवशिक्याने मिसळून घ्यावीत, काका,” दुकानदारीण म्हणाली. “एक मोठं, दोन मध्यम, चार चपळ.”

आता नानांची हयात गेली पार्सलं तोलण्यात. (स्थळं बघतानासुद्धा त्यांनी जावयाच्या बांध्यावरून नजर फिरवली होती.) त्यांनी चपळ यान तळहातावर घेतलं.

“हे फुंकरीने उडेल हो.”

मग कोपऱ्यातला एक ओबडधोबड ठोकळा उचलला आणि चेहरा खुलला. “हां, याला म्हणतात वजन. अशी सहा द्या.”

“अहो, पण ती...”

“बाई, तीस वर्षं काट्यासमोर काढलीत मी.”

बाईंनी सहा ठोकळे बांधून दिले. घरी बायकोने एक उलटंसुलटं करून पाहिलं. “याचं तोंड कुठलं म्हणायचं?”

“ते लढाईत कळेल,” नाना म्हणाले. देवाला हात जोडताना बायकोने जिंकण्याचं काही मागितलं नाही. दोघांना बोलायला चार शब्द दे, एवढंच म्हणाली.

रविवारी नानांनी सहाही यानं एका रांगेत मांडली. समोर लेकीचं आरमार, बाजूला जावयाचं.

“पहिला वार माझा,” नाना म्हणाले.

जावई वाकून बघत राहिला. “कशाने करणार?”

“म्हणजे?”

“ही मालवाहू यानं आहेत. यांना तोफा नसतात. दुसऱ्यांनी सांभाळून यांना पलीकडे पोचवायचं असतं.”

लेकीने तोंडाला पदर नव्हता म्हणून उशी लावली. नानांचे कान लाल झाले.

“असू द्या,” जावई म्हणाला. “माझी यानं तुमच्याभोवती लावतो. आपण एका बाजूला.”

मग काय विचारता. “नाना, डावीकडे.” “कुणाच्या डावीकडे?” “थांबा, ते माझंच आहे.” “मग मध्ये कशाला उभं केलंत?” दोन तास दोघांची तोंडं मिटली नाहीत. चहा दोनदा गार झाला. नानांचे सहाही ठोकळे बुडाले आणि त्यांना वाचवता वाचवता जावयाचं अख्खं आरमार खलास झालं. स्वयंपाकघरात बायकोने मनोमन पुन्हा हात जोडले.

निघताना जावई दारातून परत फिरला. “पुढच्या रविवारी परत खेळू या, नाना. मी जरा लवकर येतो.”

नानांचा ऊर भरून आला.

“फक्त एक विनंती होती,” जावई नम्रपणे म्हणाला. “पुढच्या वेळी तुम्ही हिच्या बाजूने खेळाल का?”