डॉक्टरीणबाईंचा 'ळ'

जिंतुरात मी बत्तीस वर्षं मराठी शिकवली. माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना थाटलेल्या दातांच्या डॉक्टर रागिणी दुबे मूळच्या मध्य प्रदेशातल्या सतन्याच्या. त्यांनी मराठी शिकायची म्हटल्यावर मी छातीठोकपणे सांगितलं, महिनाभरात तुम्ही इथल्याच वाटाल!

बाई मोठ्या हुशार. 'य' म्हणताना जीभ टाळूजवळ जाते पण टेकत नाही, 'व'ला खालचा ओठ दातांजवळ येऊन थांबतो आणि हवा मोकळी वाहते, हे मी सांगायच्या आत त्यांनी आरशात बघून ताडलं. 'ल'ला जिभेचं टोक वरच्या दातांमागं टेकतं, हवा बाजूंनी निसटते, तेही जमलं. घोडं अडलं 'ळ'पाशी. तिथंही तेच करायचं, फक्त जीभ मागं वळवून. तोंडातली नस न् नस ओळखणाऱ्या बाईंची स्वतःची जीभ काही वळेना. आठवडाभरानं मीच कंटाळलो. म्हटलं, राहू द्या, 'ळ'च्या जागी 'ल' म्हणा, लोक समजून घेतात.

दुसऱ्याच दिवशी चारठाण्याची दैवशाला सुजलेला गाल घेऊन आली. सहावा महिना चालू. सोबत मेंढरं राखणारी सासू भिवराबाई. कीड दाढेच्या मुळापर्यंत गेली होती. डॉक्टरांनी ते सावकाश, घोटून घोटून मराठीत सांगितलं, "कीड मुलापर्यंत गेली आहे. मूल साफ करू. नाही जमलं, तर काढून टाकू."

दैवशालानं पोट धरलं, भिवराबाईनं तिचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या. आवाज ऐकून मी आलो तर खुर्ची रिकामी. काय झालं विचारल्यावर डॉक्टरांनी तेच वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवलं.

डॉक्टरांना स्कूटरवर बसवून मी बसस्टँड गाठलं. बाकावर दैवशाला हुंदके देत होती, भोवती पंधरावीस बाया हळहळत होत्या. मी समजावायला लागलो तर भिवराबाई म्हणाली, "गुरुजी, तुमी गप बसा. बाईनं सोताच्या तोंडानं सांगितलंय."

तेव्हा डॉक्टर पुढं झाल्या. दैवशालासमोर खाली फरशीवर बसल्या, आ करून स्वतःची दाढ दाखवली आणि म्हणाल्या, "हिचं मूल. पोटातलं नाही. चूक माझी आहे."

भिवराबाईनं क्षणभर त्यांच्याकडं बघितलं आणि कोकराला औषध पाजताना धरतात तशी त्यांची हनुवटी धरली. "जीभ उलटी कर. टाळूला लाव. आता पुढं सोड."

चौथ्या खेपेला भरल्या स्टँडात खणखणीत 'मूळ' उमटलं. दैवशाला सुजल्या गालानं हसली. मला आठवडा लागूनही जे जमलं नाही, ते त्या माउलीनं बस लागायच्या आत केलं. मी मनातल्या मनात हात जोडले.

दाढ वाचली. पुढं दैवशालाला मुलगी झाली. बारशाला डॉक्टरांनी भिवराबाईला जवळ घेऊन साऱ्या भावकीला सांगितलं, "या माझ्या मराठीच्या गुरू." मग कोणीतरी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, हे कोण?

"हे होय," डॉक्टर म्हणाल्या, "हे आमचे घरमाळक."