साचलेल्या पाण्याचा बंदोबस्त

"बाबा, तुमच्या बाथरूममधून जरा वास येतोय का हो?" सुनेनं चहाचा कप पुढे करत विचारलं.

प्रश्न साधा होता, पण सासरेबुवांनी तो साधा घेतला नाही. उभं आयुष्य त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. चूक लेखकाची असो की जुळणी करणाऱ्याची, पुस्तक बाहेर पडल्यावर ती त्यांचीच ठरायची. त्यामुळे कुठंही काही बिघडलं की आरोपीच्या पिंजऱ्यात आपण होऊन जाऊन उभं राहायची त्यांना सवय लागली होती. त्यातून मुलाकडे कायमचं राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. सून 'बाथरूममधून' म्हणाली नव्हती, 'तुमच्या बाथरूममधून' म्हणाली होती.

"बघतो," असं म्हणून ते चहा तसाच ठेवून उठले.

त्यांनी ओलं पायपुसणं उन्हात टाकलं. दारामागचा टॉवेल धुतला. मग गुडघे टेकून जमिनीतली पाणी जायची जाळी उचलली. आतून केसांचा आणि साबणाचा असा काही गोळा निघाला, की क्षणभर त्यांना वाटलं, शेजारच्यांचं मांजर घरी आहे ना ते विचारून यावं. गोळा फेकला, जागा ब्रशनं घासली आणि वास गेला.

गोष्ट इथंच संपायची. पण पहिल्या तपासणीवर सासरेबुवांचा कधीच भरवसा नसे. त्यांनी जाळी पुन्हा उचलली, तर खालच्या वाटीसारख्या खोलगट जागेत पाणी साचलेलं! साचलेल्या पाण्याला वास येतो, हे काय कुणी सांगायला हवं? त्यांनी स्पंजनं ते थेंबन् थेंब टिपून घेतलं आणि वाटी फडक्यानं कोरडी ठणठणीत केली.

दुसऱ्या दिवशी वास आला. आधीचा वास नाक मुरडायला लावणारा होता. हा नाक घेऊन पळायला लावणारा होता.

मग सासरेबुवांनी कंबर कसली. अंघोळ झाली की रोज ते पाणी टिपू लागले. वास वाढला. घरात पसरू नये म्हणून त्यांनी खिडकी आणि दार घट्ट लावून हवा बाहेर फेकणारा पंखा दिवसभर चालू ठेवला. वास दुप्पट झाला. त्यांनी फिनेल ओतलं, आणि साचू नये म्हणून तेही टिपून घेतलं. डांबरगोळ्या टाकल्या, तर त्या वासात डांबरगोळ्यांचा वास मिसळला एवढंच.

पलंगावर बसून ते विचार करू लागले. फरशी स्वच्छ, जाळी स्वच्छ, टॉवेल स्वच्छ. मग राहिलं कोण?

त्यांनी मुलाला हाक मारली. "जरा माझ्या खांद्यापाशी वाक."

"का?"

"हुंग."

"बाबा, काहीतरीच काय!"

"हुंग म्हणतो ना!"

मुलानं हुंगलं. "काही येत नाही."

"नक्की?"

"आता नक्की कसं सांगू? मला परवापासून सर्दी आहे."

पुराव्याअभावी सासरेबुवांनी स्वतःला दोषीच धरलं. त्यातच सून म्हणाली, "बाबा, आई येतेय थोडे दिवस. तिला तुमचीच बाथरूम वापरावी लागेल. चालेल ना?"

विहीणबाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्या नुसत्या एका भुवईनं अख्खा वर्ग गप्प करत, असं सांगत. ती भुवई आपल्या दिशेनं वर जातेय, हे चित्र सासरेबुवांना पाहवेना. "मी आपला बहिणीकडे जाऊन येतो," ते म्हणाले आणि सगळे कपडे, सगळी पुस्तकं भरायला लागले.

"थोड्या दिवसांसाठी एवढं सामान?" सुनेनं विचारलं.

"वाचायला लागतं काहीतरी," ते पुटपुटले. परत यायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सुनेचं घर तिला स्वच्छ मिळावं, एवढंच आता आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटत होतं.

बहिणीकडे गेल्यावर त्यांनी मुलाला फोन केला. "काय म्हणतंय घर?"

"मस्त! सासूबाई तुमच्यामागोमाग पोचल्या. आणि बाबा, गंमत सांगू? तो वास गेला! तुम्ही गेलात त्याच दिवशी!" सर्दी नुकतीच बरी झालेल्या माणसाचा उत्साह त्या आवाजात होता.

सासरेबुवांनी फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसले.

"दादा, असा कठड्याला चिकटून काय बसलास? आत ये की!" बहीण म्हणाली.

"बरं असतं वाऱ्यावर. तुमच्या दृष्टीनं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सून दारात हजर. "चला बाबा, घरी."

"नको गं. मी आलो, वास आला. मी गेलो, वास गेला. आणखी काय पुरावा हवा?"

"असेल तसं. मग?" सुनेनं बॅग उचलली. "तुमच्या मुलाचे मोजे पाहिलेत कधी? त्या माणसाबरोबर संसार करतेय मी. तुम्ही काय जड आहात?"

"पण तुझी आई..."

"आई माझी आहे. तिच्या नाकाचं मी बघते. उठा."

ते उठले. तिच्या आवाजापुढे न उठणं शक्यच नव्हतं.

सकाळी अंघोळ उरकून, दार उघडं ठेवून ते नेहमीप्रमाणे स्पंज घेऊन वाकले, तोच मागून आवाज आला, "हे काय चाललंय?" विहीणबाई होत्या.

"जाळीखालचं पाणी टिपतोय. साचतं ना!"

"रोज टिपता?"

"रोज. कधीकधी दोनदासुद्धा," सासरेबुवा विनयानं म्हणाले.

भुवई वर गेली. "अहो, ते पाणी तिथं मुद्दाम ठेवलेलं असतं! खालच्या गटाराचा वास वर येऊ नये म्हणून ते बूच आहे. तुम्ही रोज बूच काढत होतात, आणि लेक सांगत होती तसं दार-खिडकी लावून, पंखा लावून गटाराची हवा वर ओढून घेत होतात. मी आपली बादल्या ओतून अंघोळ करते, म्हणून बूच परत बसलं!"

आवाज ऐकून मुलगा आणि सून धावत आले. सुनेला सगळं कळलं तशी ती उपड्या बादलीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सासरेबुवाही हसले. आपण वास नाही, हे कळल्यावर माणूस किती हलका होतो! मग एकदम ते हसायचे थांबले.

"म्हणजे काल तू मला न्यायला आलीस तेव्हा तुला हे माहीत नव्हतं?"

"मला कुठून माहीत असणार?"

"वास माझाच आहे, असं समजून आलीस?"

सून जरा ओशाळली. "हो ना. म्हणून तर गाडीच्या चारही काचा खाली ठेवल्या होत्या!"

सकाळपासून डोकं का जड झालंय, ते सासरेबुवांना आत्ता कळलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून एक दणदणीत शिंक बाहेर पडली. मागोमाग दुसरी आली. इतक्या समाधानानं ते जन्मात कधी शिंकले नव्हते.