अमावस्येच्या रंगाचं दुकान

ही गोष्ट २०२३ सालची, संक्रांत सरून लग्नसराई तोंडावर आली होती तेव्हाची. कोल्हापुरातलं अण्णासोंचं साड्यांचं दुकान त्यांच्या आजोबांपासून पिवळ्या भिंतींचं. त्या वर्षी त्यांच्या मुलानं, अतुलनं ते काळंनिळं करून टाकलं!

"आई, तू बघच," अतुल छाती काढून म्हणाला. "लोक नुसते दुकानाचे फोटो काढायला येतील!"

रंग साधा काळा नव्हे आणि साधा निळाही नव्हे. शाईची अख्खी दौत उपडी करावी तसा! सून अक्षता घरसजावटीचं शिकलेली. तिनं भिंती त्या रंगाच्या केल्या, छत केलं, गाद्यांच्या खोळी केल्या, पिशव्या छापल्या, नोकरांना शर्ट शिवले. पाटीवर तर काळ्यानिळ्यावर काळीनिळीच अक्षरं!

"अगं, नाव वाचायचं कसं?" सासूनं, मीनाबाईंनी विचारलं.

"वाचायचं नसतं आई, ते जाणवतं."

मीनाबाईंना काही जाणवलं नाही, पण रंग मात्र मनात भरला. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी त्यांना चंद्रकळा नेसवली होती, ती अगदी ह्याच रंगाची. अंगावर हलव्याचे दागिने. त्यांच्याकडं चोरून बघण्याच्या नादात अण्णासो उंबऱ्याला अडखळले होते आणि थेट पाटावर जाऊन बसले होते, तेही दुसऱ्याच्या! अशा रंगाला नावं कशी ठेवायची?

शिवाय अतुलला पुण्याची नोकरी चालून आली होती. दुकान मनासारखं करू दिलं तरच तो इथं राहणार होता. अण्णासोंनी अट घातली होती, "कोडोलीच्या गणपतरावांच्या घरचा प्रत्येक बस्ता आपल्याकडं होतो. त्यांच्या प्रीतीचा बस्ता ह्या दुकानात बांधून दाव. मग तुझं खरं. न्हाईतर मी भिंती परत पिवळ्या करतो आन् तू जा पुण्याला!" बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एकाच बैठकीत. एकुलता एक मुलगा घरात राहणार की नाही, हे आता कोडोलीकरांवर होतं. मीनाबाईंनी अंबाबाईला साकडं घातलं आणि मुलाच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून बस्त्याच्या दिवशी त्याच रंगाची साडी नेसून दुकानात आल्या.

अण्णासो आले नाहीत. "त्या भुयारात मी पाय ठेवणार न्हाय!" म्हणून ते रस्त्यापलीकडं मिसळ खायला जाऊन बसले.

पूजा झाली. दारावर लावायचा झेंडूचा हार उरला. जुना नोकर पिराजी खिळा आणि हातोडी घेऊन निघाला, तशी अक्षता किंचाळली, "नव्या रंगाला खिळा मारायचा नाही!" बिचारा पिराजी हार घेऊन दुकानभर फिरला. सगळ्या दुकानात खिळा एकच होता. त्यावर अक्षतानं अण्णासोंचा मोठा फोटो लावला होता, दुकानाचे मालक म्हणून, आणि वर एक छोटा दिवा सोडला होता. पिराजीनं हार तिथंच अडकवला आणि हात जोडून बाजूला उभा राहिला.

तेवढ्यात गणपतरावांची जीप थांबली. मागं बायकांनी भरलेला टेंपो. सगळ्यांत पुढं गणपतरावांची आई धोंडुबाई. गावात कुणाच्या घरी काही घडलं की रडण्याचा पहिला मान त्यांचा, असा आवाज!

मंडळी हसत आत आली आणि जागीच थिजली. काळोख. काळोखात काळे कपडे घातलेली, हात जोडलेली माणसं. उजेड एकाच ठिकाणी, हार घातलेल्या अण्णासोंवर!

गणपतरावांनी टोपी काढली. अंधारात मीनाबाईंचं कुंकू दिसतच नव्हतं.

"वैनी... कवा झालं हे?"

"झाले की आठ-दहा दिवस," मीनाबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांना वाटलं, रंगाचं विचारतायत.

"आमाला कळीवलं न्हाय!"

"अतुलनं फोनवर टाकलंय की समद्यास्नी."

"लई तरास झाला?"

"इचारू नगासा! नुसता वास! पिराजीला खोकला लागला."

गणपतराव मागं सरकले. "आन् अण्णासो? शेवटी काय म्हणाले?"

"शेवटपतोर न्हायच म्हणत व्हते. पण पोराच्या हट्टापुढं काय चालतंय?"

धोंडुबाईंनी एवढा वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. "आरं माज्या अण्णा रं! नातीचं लगीन टाकून कसा गेलास रं!" मागच्या सगळ्या बायकांनी सूर धरला. कपाटाच्या काचा थरथरल्या!

मीनाबाईंनी दाराकडं बघितलं. नवरा तर आत्ताच रस्ता ओलांडून गेलेला. म्हणजे ह्यांनी येताना काही बघितलं की काय? ट्रक? बस? "अवो, काय झालं त्यास्नी?" म्हणत त्यांनीही हंबरडा फोडला. ते बघून पिराजी रडला. कशासाठी ते त्यालाही माहीत नव्हतं, पण मालकीण रडते म्हटल्यावर कोरडं कसं राहायचं?

"चला," गणपतराव डोळे पुसत म्हणाले. "सुतकाच्या घरात बस्ता बांधाय येत न्हाय. दुसरीकडं बघू."

"थांबा काका! बाबा जिवंत आहेत!" अतुल ओरडत होता. पण धोंडुबाईंपुढं त्याचा आवाज म्हणजे बँडपुढं शिट्टी!

रस्त्यापलीकडं अण्णासोंच्या हातातला पाव हातातच राहिला. रडणं आपल्या दुकानातलं! ते तर्री सांडलेल्या सदऱ्यानिशी धावत आले, अंधारात पिराजीवर आदळले, तिथून भिंतीवर गेले आणि नेमके आपल्याच फोटोखाली, दिव्याच्या उजेडात उभे राहिले.

"मीना! मीनाला काय झालं?"

उभ्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. मीनाबाई रडायच्या थांबल्या, आणि एवढ्या गोंधळातही लाजल्या.

धोंडुबाईंनी वर बघितलं, खाली बघितलं. वर अण्णासो, खाली अण्णासो! त्या मटकन गादीवर बसल्या. गादी ओरडली, कारण ती गादी नव्हती, अजून न उठलेला पिराजी होता.

उलगडा झाल्यावर गणपतराव इतके हसले की हातातली टोपी पडली. अण्णासोंनी हार काढून त्यांच्याच गळ्यात घातला. "घ्या पावणं, मुलीकडचा पयला मान तुमचा!"

बस्ता सुरू झाला, तर नवीनच संकट. धोंडुबाईंनी निवडलेला हिरवा शालू खात्रीसाठी दारात नेला, तो निघाला मोरपंखी! लाल म्हणून घेतलेली साडी उन्हात जांभळी झाली. मग प्रत्येक साडीसाठी बायकांची दारापर्यंत वारी. शेवटी धोंडुबाई वैतागल्या, "पोरांनो, गाद्याच भाईर काढा की!"

गाद्या फूटपाथवर आल्या. अतुल उन्हात उभा राहून स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवू लागला, "आजी, हा काठ बघा!" घाम पुसायचीही सवड नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं सेल लागला, तेही बसले. अण्णासो बराच वेळ मुलाच्या खांद्यावरच्या पदराकडं बघत राहिले. तरुणपणी ते असेच उभे राहायचे.

जीप भरून गेली तसे ते घसा खाकरून म्हणाले, "मी दुकानात म्हणलो हुतो. बस्ता रस्त्यावर झालाय."

"पाटी वर आपलीच हाय की!" मीनाबाई म्हणाल्या.

"कुठाय पाटी? मला तर दिसंना." मग दाराशी खुर्ची ओढत, "असू दे. पोरगं इकतंय चांगलं. ऱ्हाऊ दे त्याला."

प्रीती नांदायला इचलकरंजीला गेली. तिथं ती मोरपंखी शालू हिरवा म्हणूनच सांगते. गणपतरावांनी धाकट्या मुलाचाही बस्ता अण्णासोंकडंच बांधला, फूटपाथवर. धोंडुबाई आता कुठंही रडायच्या आधी माणसाच्या नाडीला हात लावून बघतात. पिराजी तो शर्ट घालून मिरवणुकीत नाचतो. फोटोत त्याचे फक्त दात येतात. अक्षताला एका सलूनचं काम मिळालं. खाली पडलेले केस दिसत नाहीत म्हणून सलूनवाला तिच्यावर खूष आहे. अण्णासो रोज दाराशी खुर्ची टाकून बसतात, आत अजून जात नाहीत.

अतुल पुण्याला गेला नाही. अंबाबाईनं मीनाबाईंचं ऐकलं. उरलेला रंग मात्र रंगवाल्यानं परत घेतला नाही, तेव्हा गुणी मुलानं आईच्या आवडीचा म्हणून तो एका रविवारी स्वयंपाकघराला दिला. मीनाबाई भर दुपारी दिवा लावून भाकरी थापतात, आणि एखादी करपली तर ती ताटात आल्यावरच कळते.