गुलाबकाकांचा पोस्टमन

गुलाबकाका थिएटरात पडद्याकडे पाठ फिरवून बसतात आणि मागच्या रांगांतले चेहरे वाचतात. नागपुरात सक्करदऱ्याजवळची एक टॉकीज बंद पडेपर्यंत ते तिथे मशीन ऑपरेटर होते. "पिक्चर तं मले पाठच राहते. पब्लिक दर खेळाले नवीन," हे त्यांचं तत्त्वज्ञान. समीक्षकांची अख्खी फौज मी या वाक्यावरून ओवाळून टाकीन.

त्यांच्या मशीनवर तेव्हा खूप चाललेल्या एका रहस्यपटाचा नवा अवतार गेल्या महिन्यात आला. काकांनी मला सोबत ओढलं. त्यांना त्यातल्या एकाच माणसाला भेटायचं होतं: पोस्टमनला. खुन्याचा चेहरा दिसला म्हणून पुलावर मारला जाणारा, दोन सीनचा भला माणूस.

नव्या सिनेमात पोस्टमनच ब्लॅकमेलर निघाला. बायकोला मारणारा, मित्राला विकणारा. बाकीचे त्याच्याहून वरचढ नग. तो पुलावर मेला तेव्हा काका रांगांकडे बघत होते.

"पाहिलं गा? माणूस मेला, अन् एकाचाही पॉपकॉर्नमधला हात थांबला नाही!"

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. बाहेर येताच भाषण ठोकलं: व्यवस्थाच सडली आहे, तर माणसं गोड कुठून आणायची?

"सडू दे ना. पण मी भेऊ कोणासाठी? सगळेच हरामखोर, तं खुनी साफसफाईच करून राहिला ना!"

ज्याच्यासाठी जीव खालीवर होत नाही, त्याच्यावरचा अन्याय कोणाला दिसतच नाही, हे एकाही पत्रकात मी वाचलं नव्हतं.

काकू गेल्यापासून काका एकटेच असतात. घरी त्यांनी चहा टाकला.

"तुझी काकू रोज डबा घेऊन केबिनमध्ये ये. पुलापर्यंत पिक्चर पाहे, माझा हात घट्ट धरून. 'जाऊ द्या नं त्याले,' म्हणे. एक दिवस कापला गा मी रिळातला तेवढा तुकडा!"

"मग?"

"मग काय! पुढच्या रिळात त्याची तिरडी निघते, हे ध्यानातच नाही राहिलं. पब्लिक म्हणे, हा मेला कधी? मालकानं आठ दिवस घरी बसवलं. परत गेलो तं पिक्चर बदललेला."

"आणि काकू?"

"काकू तं पूल झाल्यावर डबा घेऊन घरी गेली होती. खुश. मी त्याले वाचवलं, असंच समजे. शेवटपर्यंत. मीबी काही सांगितलं नाही."

काकांनी चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला.

"आज पूल आला, अन् हात तसाच मोकळा राहिला गा."